गेट बंद करायचं कोणी? एका लाइव्ह कॉन्सर्टच्या बंदोबस्ताविषयी

भाचीने हट्ट धरला म्हणून गेल्या हिवाळ्यात तिच्या शहरात एका नावाजलेल्या गायकाच्या लाइव्ह कॉन्सर्टला गेले. तिकीट माणशी १,४९९ रुपये, वर ऑनलाइन बुकिंगचा आकार निराळा. तीन तिकिटं काढली: मी, भाची आणि तिची मैत्रीण. दोघी पोरी अकरावीतल्या. शहराचं, गायकाचं किंवा आयोजकांचं नाव इथे लिहीत नाही. नाव आलं की चाहते आणि विरोधक भांडत बसतात आणि मूळ गोष्ट बाजूला पडते. गाण्याबद्दलही फार लिहिता येणार नाही, कारण पहिली चार गाणी मी मैदानाबाहेरच्या पत्र्याच्या गल्लीत, दोन पोरींना पोटाशी धरून ऐकली. हे परीक्षण फक्त व्यवस्थेचं आहे. गेट, झडती, सुरक्षारक्षक, पोलीस, रुग्णवाहिका, आणि ही सगळी माणसं एकमेकांशी कशी बोलत होती, त्याचं.

मी नाशिकची. वीसेक वर्षं होमगार्डमध्ये काढली. निवडणुका, विसर्जन मिरवणुका, रथोत्सव, सप्तशृंगगडाची चैत्र यात्रा, २०१५ चा कुंभमेळा, सगळीकडे पॉइंटवर उभी राहिले आहे. साहेब कधीच नव्हते. दोर धरणारी, रांग लावणारी, हरवलेल्या म्हातारीला मदत केंद्रावर नेऊन बसवणारी बाई होते. पण इतकी वर्षं गर्दीकडे तोंड करून उभं राहिलं की काही गोष्टी अंगात मुरतात. कार्यक्रमाला गेले तरी आधी बाहेर जायची वाट बघते. भाचीला त्याचा कंटाळा येतो.

मैदान म्हणजे हायवेच्या सर्व्हिस रोडला लागून असलेलं एक लॉन्स. लग्नसराईत तिथे दोन-अडीच हजार पानं उठत असतील. कॉन्सर्टसाठी शेजारचं मोकळं शेतही घेतलं होतं, त्यामुळे आत जागा भरपूर होती, हे मान्य करायला हवं. स्टेज उंच, स्क्रीन मोठे, आवाज स्वच्छ. पैसा कमी पडला असं कुठे दिसलं नाही. तिकिटावर तीन गेट छापली होती. तिथे पोहोचल्यावर कळलं की एक नंबर फक्त पासवाल्यांसाठी आहे आणि तीन नंबरच्या तोंडात जनरेटरची गाडी लावली आहे. दोन आणि तीन नंबरचे सगळे प्रेक्षक एकाच वाटेने आत सोडत होते. ही वाट म्हणजे दोन्ही बाजूंना आठ फुटी हिरवे पत्रे ठोकलेली गल्ली. सर्व्हिस रोडकडे पंधरा फूट रुंद आणि गेटपाशी आठ फूट, म्हणजे नरसाळंच. लांबी मी नंतर चालून मोजली, साठ पावलं भरली. गल्लीला मधे एकही फट नाही. एकदा आत शिरलं की पुढेच जायचं.

आम्ही सव्वासहाला पोहोचलो. कार्यक्रम सातचा, गेट पाचला उघडलेली. रांगेत उभं राहिल्या राहिल्या मी मोजायला लागले, ही जुनी सवय. तिकिटावरचा कोड स्कॅन करायची आठ माणसं होती आणि त्यांच्या पुढे झडती. एका माणसामागे सगळं मिळून दहा सेकंद जात होते, बायकांच्या रांगेत थोडे जास्तच. दहा सेकंद म्हणजे एका स्कॅनरवर मिनिटाला सहा माणसं. आठ स्कॅनरवर अठ्ठेचाळीस. तासाला २,८८०. पाच ते सात या दोन तासांत, एकही यंत्र अडलं नाही असं धरलं, तरी ५,७६० माणसं आत जाणार. पुढे स्टेजवरून निवेदकाने अभिमानाने सांगितलं, "आज आपण बारा हजार जण इथे आहोत." बारा हजार माणसं दोन तासांत आत घ्यायची तर मिनिटाला शंभर जायला हवीत, म्हणजे सतरा स्कॅनर हवेत. हा हिशोब चौथीतला मुलगा करील. तो कोणी केलाच नव्हता, किंवा केला असेल तर ज्याने करायचा त्याच्यापर्यंत पोहोचला नव्हता. माझ्या मते सगळं इथेच बिघडलं. त्यानंतर जे झालं ते होणारच होतं.

पावणेसातच्या सुमारास तीन स्कॅनर बंद पडले. एवढ्या गर्दीत मोबाइलचं नेटवर्क बसलं आणि यंत्रं त्याच नेटवर्कवर चालत होती. राहिले पाच. गल्लीतली माणसं जागच्या जागी थांबली, पण सर्व्हिस रोडवरून येणारी थांबली नाहीत.

आता मधला भाग नीट सांगते, कारण असे प्रसंग मी याआधीही पाहिलेत आणि दरवेळी ते याच वळणावर येतात. सर्व्हिस रोडवर एक हवालदार होते. त्यांना वायरलेसवरून हुकूम होता की रस्ता मोकळा ठेवा, कारण गाड्यांची रांग हायवेपर्यंत गेली होती. रात्रीच्या वेळी हायवेवर माणसं पसरली तर अपघात ठरलेला, त्यामुळे त्यांचा हुकूम बरोबर होता. ते शिट्टी मारून लोकांना गल्लीत ढकलत होते, "चला, चला, आत व्हा, रस्त्यावर थांबू नका." गेटपाशी काळ्या टी-शर्टातला एजन्सीचा सुपरवायझर होता. त्याच्याकडे स्कॅनर बंद होते, म्हणून त्याने बॅरिकेड आडवं लावून घेतलं, "दहा मिनिटं कोणाला सोडू नका." त्याचंही बरोबर होतं. साठ पावलांवर उभी असलेली ही दोन माणसं आपापलं काम चोख करत होती. एक जण गल्लीत माणसं भरत होता, दुसऱ्याने गल्लीचं तोंड बंद केलं होतं आणि मधे आम्ही हजारभर लोक. हवालदारांच्या हातात पोलिसांचा वायरलेस, सुपरवायझरच्या हातात एजन्सीचा वॉकी. दोन्हींचे चॅनेल वेगळे. तिकीट कंपनीच्या मुलांचा व्हॉट्सअॅप ग्रुप होता, तो नेटवर्क गेल्यावर मेला. हवालदारांना आतलं दिसत नव्हतं, सुपरवायझरला रस्ता दिसत नव्हता.

सात वाजून दहा मिनिटांनी स्टेजवर गिटार वाजलं. बाहेर हजारो माणसं अडकली असताना कार्यक्रम सुरू करू नये, हा गर्दीच्या कामातला अगदी पहिला धडा आहे. पंधरा मिनिटं उशीर करायचा, माइकवरून सांगायचं की घाई करू नका, सगळे आत आल्याशिवाय गाणं सुरू होणार नाही. लोक ऐकतात. पण स्टेजवाल्यांना बाहेरचं कोणी कळवलंच नसावं. पहिली सुरावट ऐकू आली आणि मागची गर्दी एकदम पुढे सरकली.

थोड्याच वेळात माझे पाय माझ्या मर्जीने हलेनासे झाले. ज्यांनी हे अनुभवलं नसेल त्यांना सांगते, ती खूण ओळखून ठेवा. शेजारच्याचा खांदा आपल्या खांद्याला लागतो इथपर्यंत ठीक असतं. पण आपण न चालता आपण सरकायला लागलो की समजायचं, आता ही माणसं राहिली नाहीत, पाणी झालंय, लाट येईल तसं जायचं. सव्वातीन फूट बाय सव्वातीन फूट जागेत, म्हणजे एका चौरस मीटरमध्ये, चार माणसं असतील तर हालचाल करता येते. सहा-सात झाली की कोणाच्या हातात काही राहत नाही. चेंगराचेंगरी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पळणारे आणि तुडवणारे लोक येतात. प्रत्यक्षात बरीच माणसं उभ्या उभ्या जातात. चारी बाजूंनी छाती दाबली जाते आणि श्वास घ्यायला फासळ्यांना फुगायला जागाच उरत नाही. पुढच्याचा जीव जातोय हे मागच्याला कळत नाही. त्याला फक्त रांग पुढे सरकत नाही एवढंच दिसतं.

पोरींना मी सांगितलं, हात वर छातीपुढे घ्या, बॉक्सिंगवाले घेतात तसे. पडलेली चप्पल उचलायला वाकायचं नाही, फोन पडला तर पडू दे. किंचाळू नका, श्वास राखून ठेवा. लाट आली की तिच्यासोबत जा, मग ओसरताना तिरकं सरका. पत्र्याकडे जाऊ नका. भाचीच्या मैत्रिणीचे ओठ पांढरे पडले होते. ती माझ्याकडे बघत नव्हती, वर आभाळाकडे बघत होती, हवेसाठी. ती मान अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

बॅरिकेडला टेकून एक पोरगा उभा होता. वीस वर्षांचा असेल. पाठीवर "सिक्युरिटी" लिहिलेला टी-शर्ट दोन माप मोठा. गळ्यात ओळखपत्र नाही. मी त्याला ओरडून विचारलं, "बाळा, तुमची कंट्रोल रूम कुठेय?"

"मावशी, वॉकी साहेबांकडे आहे. माझ्याकडे शिट्टी आहे फक्त."

"मग मागच्यांना सांग, मागे सरका म्हणून."

"कोण ऐकणार माझं?"

त्याचं खरं होतं. पुढून ओरडलेलं मागे पोहोचत नाही. गर्दी सोडवायची ती शेपटाकडून. आम्हाला एका शिबिरात एका साहेबांनी हे दोरीच्या गाठीवर शिकवलं होतं. गाठ ओढून सुटत नाही, सैल सोडावी लागते. मी त्याला म्हटलं, त्या पाण्याच्या ड्रमवर चढ, दोन्ही हात वर कर आणि शेवटच्या माणसाकडे बघून सांग. तो चढला. आवाज फुटेपर्यंत ओरडला. मधल्या काही मुलांनी तेच वाक्य उचललं आणि मागे पाठवलं, "मागे व्हा, मागे व्हा."

त्याच वेळी पत्र्याच्या पलीकडून कोणीतरी ठोकल्यासारखा आवाज आला. मांडववाल्यांचा एक कारागीर होता, वायरिंगचं काम संपवून चहा पीत बसलेला. आमच्या बाजूने बायकांचं ओरडणं ऐकून तो उठला, खिशातली पक्कड काढली आणि पत्रा बांबूला बांधलेल्या बाइंडिंग तारा एकेक करून तोडायला लागला. पहिला पत्रा बाहेरच्या बाजूला पडला, मग दुसरा. सहा फुटांची वाट झाली आणि त्यातून माणसं पार्किंगच्या मोकळ्या जागेत सांडली. ड्रमवरचा पोरगा त्याच वाटेने बाहेर पडून रस्त्यावर हवालदारांकडे धावत गेला. पुढचं मी पाहिलं नाही, त्याने नंतर सांगितलं. हवालदारांनी एक शब्द उलट विचारला नाही. मोटारसायकल गल्लीच्या तोंडाशी आडवी लावली आणि लोकांना रस्त्याच्या कडेला उभं करायला सुरुवात केली. म्हणजे निरोप पोहोचल्यावर त्यांना अर्धं मिनिटही लागलं नाही. तो निरोप साठ पावलं जायला मात्र चाळीस मिनिटं लागली आणि तोही एका पोराच्या पायांनी गेला.

कोणी दगावलं नाही. एका बाईचं मनगट मोडलं, दोन-तीन मुली चक्कर येऊन पडल्या. दुसऱ्या दिवशी कुठे बातमी नव्हती. बातमी नाही म्हणजे कार्यक्रम यशस्वी, असा हिशोब आयोजकांनी केला असेल तर तो बदलावा म्हणून हे लिहिते आहे.

आत गेल्यावर आणखी दोन गोष्टी दिसल्या. रुग्णवाहिका एकच होती आणि ती तोंड कुंपणाकडे करून लावलेली. तिच्या मागे खाण्याचे स्टॉल, स्टॉलमागे गॅसच्या टाक्या, पुढे स्कूटरी. तिला बाहेर काढायची तर आधी दहा गाड्या हलवाव्या लागल्या असत्या. "बाहेर" असा हिरवा दिवा लावलेली पाटी होती, तिचा बाण तीन नंबर गेटकडे होता, जिथे जनरेटर उभा होता. मनगट मोडलेल्या बाईला त्यांच्याच घरच्यांनी रिक्षाने नेलं.

जाताना मात्र बरं झालं. दहाला गाणं थांबलं तेव्हा जनरेटरची गाडी बाजूला घेतलेली होती, तिन्ही गेट उघडी होती, पोलिसांनी सर्व्हिस रोड एकाच बाजूने चालू ठेवला होता आणि तो हवालदार आता गेटपाशी सुपरवायझरच्या शेजारीच उभा होता. बारा हजार माणसं पंचवीस मिनिटांत शांतपणे बाहेर पडली. माणसं तीच, मैदान तेच, पगारही तेच. दोघं एकमेकांच्या आवाजाच्या टप्प्यात उभे होते एवढाच काय तो फरक.

दुसऱ्या आठवड्यात मी सगळ्यांना लिहिलं. तिकीट कंपनीचं उत्तर आलं की आम्ही फक्त तिकीट विकतो, जागेवरची जबाबदारी आयोजकांची. आयोजक म्हणाले, आमच्याकडे सगळ्या परवानग्या होत्या आणि दीडशे सुरक्षारक्षक लावले होते. एजन्सीच्या माणसाने फोनवर सांगितलं की त्यांचं कंत्राट गेटच्या आतलं, बाहेरची गर्दी पोलिसांची. आणि एका ओळखीच्या पोलीसदादांकडून कळलं की परवानगीच्या अर्जात सहा हजार लोक लिहिले होते, त्या हिशोबाने बंदोबस्त दिला. चारही उत्तरं आपापल्या जागी बरोबर असतील. चौघांनी मिळून एकदा, एका टेबलावर, एक नकाशा पुढे ठेवून बसायचं असतं, आणि त्या नकाशावर एका माणसाचं नाव लिहायचं असतं की गेट बंद करायचं, उघडायचं, गाणं थांबवायचं, पत्रा तोडायचा, हे याने ठरवायचं. असं टेबल तिथे झालंच नव्हतं. तो अधिकार त्या संध्याकाळी पक्कडवाल्याने घेतला.

यात नवीन काही मागत नाही मी. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने गर्दीच्या कार्यक्रमांसाठी २०१४ मध्ये मार्गदर्शिका काढली आहे. त्याआधी २०१० मध्ये घटना प्रतिसाद प्रणाली आणली, तिचा गाभाच हा की कितीही खाती असली तरी घटनास्थळी प्रमुख एक. खासगी सुरक्षा संस्थांसाठी २००५ चा कायदा आहे. त्याखालच्या केंद्राच्या आदर्श नियमांत रक्षकाला १०० तास वर्गातलं आणि ६० तास मैदानावरचं प्रशिक्षण सांगितलंय, फोटोचं ओळखपत्र सांगितलंय. ड्रमवरच्या पोराला मी विचारलं, किती दिवसांचं ट्रेनिंग झालं? म्हणाला, दुपारी टी-शर्ट दिला, पाचशे रुपये रोज ठरलाय.

शिबिरातल्या त्याच साहेबांनी आम्हाला इंग्लंडमधल्या हिल्सबरो मैदानाची गोष्ट सांगितली होती. १५ एप्रिल १९८९, फुटबॉलचा सामना. बाहेर फिरत्या गेटांपाशी भयंकर गर्दी झाली म्हणून पोलिसांनी बाहेरच्यांना मोकळं करायला मोठं गेट उघडलं. माणसं समोर दिसेल त्या बोगद्यातून आधीच भरलेल्या जाळीच्या कप्प्यांत शिरली. गेट उघडताना बोगदा बंद करायला कोणालाच सांगितलं गेलं नव्हतं. ९७ जीव गेले. आमच्या गल्लीत उभी असताना मला तेच आठवत होतं. सुपरवायझरने घाबरून बॅरिकेड काढलं असतं तर?

आणि इतकं लांब कशाला जायचं. बेंगळुरूच्या चेंगराचेंगरीला तेव्हा वर्षही उलटलं नव्हतं. ३ जून २०२५ ला अहमदाबादला आयपीएल जिंकलेल्या संघाचा सत्कार दुसऱ्याच दिवशी चिन्नास्वामी स्टेडियमवर ठेवला. स्टेडियमची क्षमता पस्तीस हजारांच्या आसपास, मुख्यमंत्र्यांनीच सांगितलेला गर्दीचा अंदाज दोन-तीन लाखांचा. मिरवणूक आहे, नाही, पास लागेल, मोफत आहे, असे निरोप दिवसभर फिरत राहिले. गेटांपाशी ११ जण गेले, पन्नासांवर जखमी झाले. नंतर राज्य सरकारने उच्च न्यायालयात सांगितलं की आयोजकांनी परवानगी मागितलीच नाही, पोलिसांना नुसतं कळवलं. पोलीस आयुक्तांसह अधिकारी निलंबित झाले. कोण चुकलं हे न्यायालयं आणि आयोग बघतील. माझ्या डोळ्यांपुढे एवढंच येतं की एका रात्रीत ठरलेल्या कार्यक्रमाला सगळी खाती हजर होती, आणि "आज हे करू नका" असं म्हणून थांबवणारं कोणी नव्हतं. त्याच वर्षी महिला विश्वचषकाचे बेंगळुरूचे सामने तिथून काढून आपल्या नेरुळच्या मैदानावर आणावे लागले. २ नोव्हेंबरला आपल्या मुलींनी तिथेच चषक उचलला.

आम्हा नाशिककरांना हा विषय परका नाही. २७ ऑगस्ट २००३ ला शाही स्नानाच्या दिवशी रामकुंडाजवळच्या सरदार चौकाच्या उतारावर, अरुंद गल्लीत, ३९ भाविक गेले. मी तेव्हा नवी होते, माझा पॉइंट लांब होता. संध्याकाळी घरी आल्यावर आईने दार उघडलं आणि काही न बोलता माझा हात धरून ठेवला, तेव्हा किती मोठं झालंय ते कळलं. २००५ च्या जानेवारीत मांढरदेवीला जवळपास तीनशे माणसं गेली तेव्हा आमच्या पथकात आठवडाभर दुसरं बोलणं नव्हतं.

२०१५ च्या कुंभात त्या सगळ्याचा धडा घेतलेला दिसला, हे मी उभी राहून पाहिलंय. नवे घाट बांधले होते, गर्दी रामकुंडावर एकवटणार नाही असं बघितलं होतं. २९ ऑगस्टच्या पहिल्या स्नानाला तर बॅरिकेडिंग इतकं झालं की म्हाताऱ्या माणसांना किलोमीटर किलोमीटर फिरावं लागलं. लोक चिडले, वर्तमानपत्रांनीही झोडपलं. मग १३ सप्टेंबरच्या स्नानाला ते सैल केलं. दोन स्नानांच्या मधल्या पंधरवड्यात चूक मान्य करून आखणी बदलणं याला मी फार मोठी गोष्ट मानते. आमच्या पॉइंटवर आलेल्या नव्या सूचना पोलिसांकडून, पालिकेच्या माणसाकडून आणि आमच्या कमांडरकडून, तिन्हीकडून सारख्याच आल्या. तेव्हा त्याचं अप्रूप वाटलं नव्हतं, आता वाटतं.

२ ऑगस्ट २०२७ ला पुढच्या कुंभाचं पहिलं मोठं स्नान आहे. नाशिक-त्र्यंबकेश्वरसाठी स्वतंत्र प्राधिकरण झालंय, त्यामुळे एका टेबलाची आशा आहे. पण कुंभाला जे मिळतं ते बारा हजारांच्या कॉन्सर्टला, दहीहंडीला, दुकानाच्या उद्घाटनाला आलेल्या नटासाठी जमलेल्या गर्दीला कोण देणार? कुंभाची आखणी वर्षवर्षभर चालते. या कार्यक्रमांची आखणी पोस्टर लागल्यावर सुरू होते.

गुण द्यायचे तर आवाज आणि स्टेजला पाचपैकी साडेचार. बाहेर पडायच्या व्यवस्थेला चार. आत जायच्या व्यवस्थेला शून्य, आणि हे शून्य मी विचार करून देते आहे. रक्षकांना एजन्सी म्हणून शून्य, त्या पोराला पाचपैकी पाच. मांडववाल्या दादाला मी शोधून त्याच्या हातात पाचशेची नोट ठेवली, त्याने घेतली नाही. म्हणाला, "ताई, पत्रे परत बांधून द्यावे लागतील मला, तेवढं कुणाला तरी सांगा." त्याच्या ठेकेदाराने तारांचे पैसे कापू नयेत म्हणून मी आयोजकांच्या माणसाला तिथेच गाठून सांगितलं.

तिकिटाचे पैसे परत मिळाले नाहीत, मागितलेही नाहीत. पुढच्या महिन्यात त्याच लॉन्सवर दुसऱ्या गायकाचा कार्यक्रम आहे. भाचीला जायचंय. तिच्या मैत्रिणीला घरून परवानगी नाही, आणि मला तिच्या आईचं काही चुकलं असं वाटत नाही. परवा मी पोस्टरवरच्या नंबरवर फोन करून चार प्रश्न विचारले. तिकिटं किती विकणार आणि अर्जात किती लिहिलीत? स्कॅनर किती, आणि ते नेटवर्कशिवाय चालतात का? रुग्णवाहिका कुठल्या तोंडाने उभी करणार? आणि गेट बंद करायचा आणि गाणं थांबवायचा अधिकार कोणाकडे, त्या माणसाचं नाव काय? फोनवरची मुलगी नम्र होती. तिने चारही प्रश्न लिहून घेतले, मला वाचून दाखवले आणि म्हणाली, विचारून सांगते मॅडम. तिचा फोन आला आणि चौथ्या प्रश्नाला एक नाव मिळालं, तर मी भाचीला घेऊन जाणार आहे.